कापसाआडची रेंज

आमच्या घरात इंटरनेटचा राउटर बैठकीच्या भिंतीवर आहे, आणि त्या वर्षी बैठकीत कापूस भरलेला होता. आमच्या भागातल्या माणसाला एवढ्यावरून पुढचं बरंचसं कळेल. इतरांसाठी सविस्तर लिहितो.

आमचं गाव फुलसावंगीपासून जवळ आहे. घर एका ओळीत आहे. रस्त्याकडे बैठक, तिच्यामागे मधली खोली, मग मागची खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर. पहिल्या दोन खोल्या वडिलांच्या काळातल्या, मातीच्या जाड भिंतींच्या, वर टिनं. मागची खोली मी बांधली, विटा-सिमेंटची. केबलवाल्याने रस्त्यावरच्या खांबावरून तार ओढली, बैठकीच्या खिडकीतून आत घेतली आणि हाताला येईल त्या भिंतीवर राउटर ठोकून तो निघून गेला. तेव्हा बैठकीत दिवाण होता, दोन खुर्च्या होत्या, टीव्ही होता.

कापूस घरात ठेवणं आमच्याकडे नवीन नाही. सीतादहीची, म्हणजे वेचणीआधी वावरात करतात ती, पूजा होऊन वेचणी लागली की बैठकीच्या कोपऱ्यात ढीग पडतो, पाहुणा आला तर त्याच ढिगाच्या कडेला टेकून बसतो, आणि थोड्या दिवसांत गाडी भरून कापूस निघून जातो. त्या वर्षी तसं झालं नाही. आदल्या हंगामात कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला होता. तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला. नवीन कापूस बोंडअळीतून आणि परतीच्या पावसातून वाचून जेमतेम हाती आला, तर भाव उतरलेला. जो तो म्हणे, थांबा, वाढेल. अख्ख्या गावाने कापूस घरात भरला आणि दारं लोटून घेतली. आम्हीही दिवाण, खुर्च्या, टीव्ही आणि लोखंडी कपाट मधल्या खोलीत सरकवलं आणि बैठक भरली. राउटरच्या भिंतीला थोडी जागा सोडायची असं ठरलं होतं. पण शेवटच्या वेचणीची गाठोडी अंदाजापेक्षा जास्त निघाली. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणून तीही दाबून भरली. राउटर कापसात गेला. दारातून पाहिलं तर पांढऱ्या ढिगाच्या आत एक हिरवा दिवा लुकलुकताना दिसायचा.

मी जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर बसतो. कापसाची गाडी भरलेली आणि रिकामी तोलायची आणि वजन सांगायचं, हे माझं काम. आकड्याच्या बाबतीत मी कडक आहे, हे गावाला माहीत आहे. लग्नात किती माणसं जेवली असं विचारलं तर लोक दोनेकशे म्हणतात. मी एकशे त्र्याऐंशी म्हणतो, कारण पत्रावळी मोजलेल्या असतात. पत्नी यावरून मला चिडवते. त्या वर्षी शेतकरी कापूसच आणत नव्हते, त्यामुळे काटा बहुतेक वेळ रिकामा असायचा आणि मीही.

संक्रांतीनंतर पत्नीचं नांदेडला ऑपरेशन झालं. पोटाचं होतं. ते बरं पार पडलं, पण अंगात ताकद येईना, आणि वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमची एकुलती मुलगी पुण्याहून आली. ती तिकडे एका कंपनीत आहे, दिवसभर लॅपटॉपवर कागद तपासायचं काम. कंपनीने तिला घरून काम करायची परवानगी दिली, पण एक अट घालून. मीटिंग तुटता कामा नये आणि काम अडता कामा नये. अडलं तर पुण्याला परत यायचं. म्हणजे मुलगी आईजवळ राहील की नाही, हे आता कापसाआडच्या त्या डब्यावर ठरणार होतं.

ती बैठकीत बसू शकली असती तर प्रश्नच नव्हता. पण साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात. त्यांनी अंगाला अशी खाज सुटते की माणूस रात्रंदिवस खाजवत राहतो. त्या वर्षी गावात ज्याच्या-त्याच्या हातावर लाल पुरळ होती. मुलीने पहिल्या दिवशी मधल्या खोलीत लॅपटॉप मांडून पाहिला आणि संध्याकाळपर्यंत तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत सुजले. मग ती मागच्या खोलीत, आईच्या खाटेशेजारी टेबल लावून बसू लागली. पत्नीला ते फार आवडलं. ती पडल्या-पडल्या मुलीचं इंग्रजी ऐकायची. समजत काहीच नव्हतं, पण मुलीचा आवाज मधेच थांबला, पुन्हा-पुन्हा "हॅलो, हॅलो" आलं की तिला कळायचं. ती मान वळवून माझ्याकडे बघायची.

मुलीने माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. फोन जिथे न्याल तिथे राउटरची रेंज किती पोचते याचा आकडा ते दाखवतं. हा आकडा नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, आणि ऐंशीच्या पलीकडे गेला की काम होत नाही. तिच्या टेबलावर उणे शहाऐंशी आलं. मी पत्नीला समजावून सांगितलं की यात अधिक असं काही नसतंच, सगळं उणेच असतं, फक्त किती उणे ते पाहायचं.

ती म्हणाली, "म्हंजे आपल्या वावरासारखंच हाय थे."

मी कामाला लागलो. माझी पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आकडा बघायचा, मग दुसरी. सगळ्यांचा संशय कापसावर होता. शेजारी, ज्याच्या घरात आमच्यापेक्षाही जास्त कापूस होता, तो रोज चहाला यायचा आणि दारातून ढिगाकडे बघून म्हणायचा, "काय भाऊ, भाव खाल्ला कापसानं, आता रेंजही खाऊन राह्यला का?" मी आधी राउटरभोवतीचा कापूस हातभर मागे ओढला आणि तो पुन्हा ढासळू नये म्हणून प्लायवूडची फळी आडवी ठोकली. ते तसंही करायलाच हवं होतं, कारण राउटर तापतो आणि कापसाला ठिणगीही पुरते. आकडा उणे चौऱ्याऐंशी झाला. दोनाचाच फरक. मग ढिगातून मधल्या दारापर्यंत बोगद्यासारखी वाट केली. एकाचा फरक. म्हणजे कापूस रेंज अडवत होता, पण फारशी नाही. शेजाऱ्याला हे पटलं नाही. त्याला कापसाचा राग आला होता आणि तो कुठेतरी काढायचा होता.

राउटर वर, टिनांजवळ बांधून पाहिला. आकडा वाईट झाला, म्हणून परत खाली आणला. त्याचे दोन्ही कान सरळ उभे केले. थोडा फरक पडला, पण इतका की तो खरा की योगायोगाचा, हे सांगता येणार नाही. मग मुलीच्या लक्षात आलं की राउटर दोन नावांनी रेंज देतो. एक वेगवान, पण भिंत आली की दम तोडणारी. दुसरी सावकाश, पण लांब पोचणारी. तिचा लॅपटॉप वेगवान नावाला चिकटून बसत होता. तिने ते नाव पुसून टाकलं. मीटिंग आता सारखी-सारखी तुटेना, पण रोज एकदोनदा तुटायचीच. तेवढंही कंपनीला चालणारं नव्हतं. तिच्या साहेबाने एकदा विचारलंही होतं, गावात हे असंच राहणार का?

खरा अडथळा सापडला तो मधल्या खोलीत. बैठकीतून काढलेलं लोखंडी कपाट आम्ही दोन खोल्यांमधल्या भिंतीला लावून ठेवलं होतं, आणि त्याच्या शेजारी गव्हाची पत्र्याची कोठी. राउटर आणि मुलीचं टेबल यांच्यामध्ये नेमकं तेच. कपाट चार हात बाजूला सरकवलं आणि आकडा एकदम उणे शहात्तर झाला. मी तो दोनदा पाहिला. पत्नीला सांगायला गेलो तेव्हा ती उठून बसली होती.

"मंग कापसाचा दोष नोता त," ती म्हणाली.

कपाट तिथे कापसामुळेच आलं होतं, म्हणून पूर्ण निर्दोष म्हणता येणार नाही, असं मी सांगितलं. ती हसली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली असं मला वाटतं, पण हे मी मोजलेलं नाही.

शहात्तर पुरेसं नव्हतं. दुपारी रेंज ढासळायची, का ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी एसटीने उमरखेडला गेलो. दुकानदार म्हणाला, रिपीटर घेऊन जा, मधल्या खोलीत लावा, तो रेंज पुढे ढकलतो. मी विचार केला, मधल्या खोलीत मुळात अर्धवट पोचतं तेच तो पुढे ढकलणार. अर्धवटाची नक्कल अर्धवटच निघणार. मी दुसरा राउटर आणि लांब वायर घेतली. पहिल्या राउटरमधून निघालेली वायर कापसाच्या वरून, वाश्याला बांधत नेली, मातीच्या भिंतीला भोक पाडून मधल्या खोलीत आणि तिथून मागच्या खोलीत. कापसावर उभं राहून काम करावं लागलं. पाय मांडीपर्यंत आत जायचे आणि पुढचे कित्येक दिवस मी खाजवत होतो. दुसरा राउटर मुलीच्या टेबलावरच्या फळीवर बसवला. आकडा आला उणे एकेचाळीस.

रेंज चांगली असली तरी बाहेरून येणारी लाइनच मंद असू शकते, म्हणून स्पीडही सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तपासला. तिन्ही वेळेला तिच्या कामाला लागतो त्याच्या कितीतरी पट होता. मला समाधान वाटलं. बाहेर पीक गेलं होतं, भाव गेला होता, जिनिंगवर काटा रिकामा होता, पण घरातली ही एक गोष्ट जशी पाहिजे होती तशी झाली होती. पत्नीने शेजारणीला सांगितलं की पोरगी आता उन्हाळाभर इथेच राहते, पुढचं पुढे. मुलगी तेव्हा चहा गाळत होती.

त्यानंतरच्या आठवड्यात मीटिंग पुन्हा तुटू लागल्या. मुलगी म्हणे, आवाज जाते, चित्र अटकते. मी आकडा पाहायचो, तो जागेवर असायचा. वायरची दोन्ही टोकं काढून घातली. राउटर बंद करून चालू केला. उंदराने वायर कुरतडली का ते कापसावर चढून, हात फिरवत शेवटपर्यंत पाहिलं. कुठे काही नव्हतं. मला झोप लागेना. वजन जुळत नसलं की मला असंच होतं.

एका दुपारी पत्नी झोपली होती. मुलीची मीटिंग चालू होती आणि मी फोन हातात धरून दाराच्या बाहेर उभा होतो. एरवी ती कानाला यंत्र लावून बोलायची. त्या दिवशी ते चार्जिंगला होतं. त्यामुळे पलीकडच्या बाईचा आवाज मला ऐकू येत होता. स्वच्छ, एकही अक्षर न तुटता. एवढं इंग्रजी मला समजतं. ती विचारत होती, पुढच्या महिन्यापासून ऑफिसला येणार का, नाहीतर ते काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल. मुलगी म्हणाली, मला यायचंय, मी येते. इथे नेट राहत नाही. माझ्या हातातल्या फोनवर उणे एकेचाळीस होतं.

मी अंगणात जाऊन बसलो. थोड्या वेळाने ती दोरीवरचे कपडे काढायला आली. मला पाहून तिने विचारलं, काय झालं. मी सांगितलं, "नेट चांगलं हाय, बाई. मी उभा होतो दारात."

तिने एक-एक कपडा काढून खांद्यावर टाकला. घाई केली नाही आणि नाकबूलही केलं नाही. मग म्हणाली, "बाबा, आई बरी होऊन राह्यली. थे आता चालते, स्वयंपाक करते. मी पाहून राह्यली. मी अठी बसली त आपल्या घरात सगळेच वाट पाहत बसतीन. तुम्ही भावाची, आई माह्या लग्नाची. मले वाट पाहता येत नाई."

मी विचारलं, हे आईला सांगितलं का.

"आईले म्हटलं का मले जायचं हाय, त थे म्हणन जाय. अन् मंग तुम्ही नसले का रडत बसन. नेट नाई म्हटलं त कोणाचाच दोष नाई." मग ती म्हणाली, "तुम्ही नका सांगू. तुमचा आकडा थे मानते."

मला तिचा राग आला असं म्हणता येत नाही. मी तिची बेरीज तपासून पाहिली आणि तिच्यात चूक सापडली नाही. तिला थांब म्हणायला माझ्याकडे एकच कारण होतं, ते म्हणजे आम्हाला ती हवी होती. गावातल्या मुलींपैकी तिच्या वयाची एकही आता गावात नव्हती. दिवसभर ती एका खाटेशेजारी बसायची, संध्याकाळी शेजारी येऊन अळी आणि भाव बोलायचा, आणि दारातून आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी तिला तो ढीग दिसायचा. तो ढीग आम्ही पंधरा दिवसांसाठी भरला होता आणि आता होळी येऊन ठेपली होती.

संध्याकाळी पत्नीने विचारलं. ती रोजच विचारायची, पण त्या दिवशी मुलीने तिला सांगून टाकलं होतं की नेट असंच राहिलं तर जावं लागेल. पत्नी खाटेवर बसून लसूण सोलत होती.

"काय म्हणते तुमचा आकडा?"

मी म्हणालो, "काही खरं नाई. सत्तर-ऐंशीच्या मधात काहीतरी हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. हातातली पाकळी सोलून पूर्ण केली, ताटलीत टाकली, टरफलं पदरातून झटकली. मग म्हणाली, "मंग काय करता. जाऊ द्या तिले."

मुलगी होळीच्या नंतर गेली. सकाळच्या एसटीने उमरखेड, तिथून पुढे पुण्याची गाडी. पत्नीने चटणी, तुरीची डाळ आणि खाजेवरचं मलम बांधून दिलं. तिकडे खाज नव्हती, तरी दिलं. टेबल तिथेच राहिलं. काही दिवसांनी त्याच्यावर औषधांच्या बाटल्या आल्या, मग सुकवायला ठेवलेले पापड.

भाव वाढला नाही. पेरणीची वेळ जवळ आली तशी गावातल्या घरांची दारं एकेक करून उघडली आणि कापूस निघाला. पिवळा पडलेला, दबलेला, हातात घेतला की धूळ उडणारा. जिनिंगवर रांगा लागल्या आणि मी सकाळपासून अंधार पडेपर्यंत तोलत बसलो. आमची गाडीही त्याच रांगेत होती. ती मी स्वतः तोलली नाही. दुसऱ्याला बसवलं, कारण आपलंच वजन आपण करू नये. शेजारी त्याच्या गाडीवर बसून होता. त्याने रेंजवरून काही थट्टा केली नाही.

बैठक झाडून घेतली, भिंती पुसल्या, दिवाण आणि कपाट परत नेलं. आता घरात कुठेही उभं राहा, नेट मिळतं. शेजारी स्वतःच्या फोनसाठी आमच्या ओट्यावर येऊन बसतो.

मुलगी रविवारी व्हिडिओ कॉल करते. पत्नी मागच्या खोलीत, त्याच टेबलासमोर बसते. एका रविवारी बोलता-बोलता चित्र थांबलं, मुलीचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि कॉल कटला. पुण्याला तिच्या खोलीत रेंज कमी असते. पत्नी फोन हातात धरून पुन्हा लागतो का ते पाहत बसली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही सत्तर-ऐंशीच्या मधात म्हटलं न. मले तवाच समजलं."

"काय समजलं?"

"का नेट चांगलं हाय. इतक्या वर्षात तुम्ही मले असा मधातला आकडा कधी सांगतला नाई."

मी विचारलं, "मंग तू काहून बोलली नाई?"

"तुम्ही काहून बोलले नाई?"

फोन लागला नाही. तिने तो टेबलावर ठेवला, पापडाच्या ताटाच्या बाजूला. बाहेर पाऊस अजून नव्हता. लोक ढगांकडे बघून कापसाचं बियाणं कोणतं घ्यायचं ते बोलत होते.

"किती हाय आता?" तिने विचारलं.

मी ॲप उघडलं. "उणे एकेचाळीस."

"चांगला हाय," ती म्हणाली, आणि पापड उलटायला लागली.